आधी दगड, मग वस्तरा

बेंगळुरूच्या इंदिरानगरात हंड्रेड फीट रोडवर किंवा सीएमएच रोडवर कुठल्याही सलूनमध्ये दाढीला बसा. न्हावी तुमच्यासमोर पात्याचा कागद हातात घेतो, कागदासकट पाते मधोमध मोडतो, अर्धे वस्तऱ्याच्या खाचेत सरकवतो आणि दाढी उरकली की टाकून देतो. एचआयव्हीच्या धास्तीने १९९०च्या दशकात ही पद्धत गावोगाव रुजली आणि ते बरेच झाले. एकाचे रक्त दुसऱ्याला लागायची भीती गेली. मात्र त्या बदलात न्हाव्याच्या धोकटीतून एक जिन्नस कायमचा बाहेर पडला. तो म्हणजे निसणा, वस्तऱ्याला धार लावायचा दगड.

पन्नाशी ओलांडलेल्यांना तो आठवत असेल. तळहाताएवढा, काळा नाहीतर करडा, वापरून वापरून मधे दबलेला. न्हावी त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकी, अखंड पोलादाचा वस्तरा आडवा धरून दहा-बारा हात मारी, मग चामड्याच्या पट्ट्यावर, नाहीतर सरळ स्वतःच्या तळहातावर पाते फिरवून गिऱ्हाइकाच्या गालाला लावी. दबलेल्या दगडावरही त्याचे निभावून जाई. तोच वस्तरा, तोच दगड, तोच हात अशी वर्षे गेल्यावर पात्याची वळणे आणि दगडाची वळणे एकमेकांत मुरलेली असत.

आता अखंड वस्तरा पुन्हा दिसू लागला आहे, पण सलूनमध्ये नाही, घरांत. स्वतःची दाढी स्वतः वस्तऱ्याने करणारे हौशी लोक आज मोठ्या शहरांत सापडतात, आणि बेंगळुरूसारख्या यंत्रांची आवड असलेल्या शहरात तर नक्कीच. ते जुना जर्मन किंवा इंग्लिश वस्तरा मिळवतात, परदेशी दगड मागवतात आणि पहिल्याच दाढीला गाल सोलून घेतात. दोष पोलादाला दिला जातो, मग हाताला. दगडाकडे शेवटी लक्ष जाते. खरे तर चौकशी तिथून सुरू व्हायला हवी, कारण दगड जितका कठीण, तितका त्याचा वाकडेपणा उशिरा लक्षात येतो आणि तितकाच तो काढायला जड जातो.

पात्याची पाठ आणि दगडाची पाठ

विळी, सुरी, पटाशी यांना धार लावताना कोन आपला हात ठरवतो. वस्तऱ्याचे तसे नाही. वस्तरा दगडावर ठेवला की त्याची जाड पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांतून कोन आपोआप ठरतो, साधारण सोळा-सतरा अंशांचा. ही सोय मोठी आहे, पण तिला एक अट आहे. पाठ आणि धार ज्यावर टेकतात ती जागा सपाट हवी.

दगड मधे खोल असेल तर आडव्या पात्याची दोन टोके दगडाला लागतात आणि मधला भाग अधांतरी राहतो. घासत राहिलो तर टोके झिजतात, मधे धार येतच नाही. दगड पिळलेला असेल, म्हणजे त्याचे समोरासमोरचे दोन कोपरे उंच असतील, तर पात्याच्या एका बाजूला धार चढते आणि दुसरी कोरी राहते. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. चांगल्या वस्तऱ्याची धार टोकाला एक मायक्रॉनपेक्षाही बारीक असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दगडातला मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा खळगा डोळ्याला दिसत नाही, पण धारेच्या हिशेबात ती दरी ठरते.

कठीण म्हणजे किती कठीण?

जर्मन खनिजतज्ज्ञ फ्रीडरिश मोस याने १८१२मध्ये खनिजांच्या काठिण्याची दहा पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. तिच्यात गारगोटी सातव्या पायरीवर, कुरुंद नवव्या आणि हिरा दहाव्या. वस्तऱ्याचे कडक केलेले पोलाद सातच्या आसपास घुटमळते. म्हणजे वस्तरा झिजवायला गारगोटीच्या जातीचे काहीतरी हवेच.

वस्तऱ्यासाठी नावाजलेले नैसर्गिक दगड मोजकेच. बेल्जियमच्या आर्देन डोंगरांतला पिवळसर कोटिक्यूल, त्यात गार्नेटचे बारीक दाणे. जर्मनीतल्या थुरिंगियाचा पाटीचा दगड. क्योतोजवळच्या जुन्या खाणींतले जपानी दगड. आणि अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातला नोव्हाक्युलाइट, जो जवळजवळ निव्वळ सिलिका असतो. त्याचे काळे आणि अर्धपारदर्शक प्रकार सर्वांत घट्ट. आपल्याकडे दख्खनच्या काळ्या पाषाणातील वायूंच्या पोकळ्यांत सिलिका साठून बनलेला अकीकही याच गोतावळ्यातला. जळगावपासून नाशिक-सिन्नरपर्यंत विहीर खणताना गारगोट्या हाताला लागतात, त्यांतला अकीक घासून गुळगुळीत केला तर धारेला शेवटची झिलई देतो.

कृत्रिम दगडांत सर्वांत कठीण असतात सिरॅमिकचे. अॅल्युमिनाची पूड दाबून भट्टीत भाजली की घट्ट पांढरी वीट तयार होते. अॅल्युमिना म्हणजे रसायनाच्या भाषेत कुरुंदच. आपल्या शिकलगारांचा शाणही कुरुंदाचाच असे. कुरुंदाची पूड लाखेत कालवून त्याचे चाक बनवत. फरक असा की लाख मऊ असते. झिजलेला दाणा ती सोडून देते आणि खालचा ताजा दाणा वर येतो. भाजलेल्या सिरॅमिकमध्ये दाणे एकमेकांना सांधून टाकलेले असतात. ते सुटत नाहीत, म्हणून असा दगड वर्षानुवर्षे दबत नाही. पण भट्टीत आकसताना तो वाकला असेल तर ते वाकणेही वर्षानुवर्षे तसेच राहते. नवा दगड सपाट असणारच, हे गृहीत धरणे म्हणूनच महागात पडते.

दोन वेगळे आजार

कठीण दगड दोन तऱ्हेने बिघडतो आणि दोन्हींवर उपाय वेगळे. एक आजार आकाराचा: दगड खोल, फुगीर किंवा पिळलेला. दुसरा अंगाचा: वरचे दाणे बोथट होतात, फटींत पोलादाचा काळा कीस भरतो आणि दगड पोलाद कापण्याऐवजी नुसता चमकवू लागतो. पूर्वी घरचे जाते गुळगुळीत झाले, पीठ भरड येऊ लागले की टाकीवाली बोलावत. ती छिन्नी-हातोडीने जात्याला टाकी लावून खडबडीतपणा परत आणी. कठीण निसण्यालाही अधूनमधून अशी टाकी लागते, फक्त इतक्या बारीक हाताने की ती दिसू नये.

मऊ पाणदगडावर हा प्रश्न फारसा येत नाही. त्यावर घासताना चिखल सुटतो आणि तो चिखलच काम करतो. जोडीला दगड दबतो, म्हणून तो वारंवार सपाट करावा लागतो. कठीण दगड चिखल देत नाही. त्याच्या अंगावर शेवटचा हात कोणत्या नंबरच्या घासपुडीने (नंबर जितका मोठा, तितकी पूड बारीक) फिरवला, त्यावर तो किती बारीक काम करणार हे ठरते. एकच आर्कान्सा दगड २२० नंबरने घासून सोडला तर झपाट्याने कापतो आणि १००० नंबरपर्यंत नेला तर झिलई देतो. म्हणून जाणकार एक बाजू खरखरीत आणि दुसरी गुळगुळीत ठेवतात; एका दगडात दोन दगड मिळतात.

सपाटी कशी येते

आधी तपासणी. लोखंडी सरळपट्टी दगडावर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर उभी धरायची आणि मागे उजेड ठेवायचा. फटीतून उजेड डोकावला की खळगा कुठे आहे ते कळते. पिळलेला दगड फक्त कर्णांवर पकडला जातो, म्हणून ती पायरी गाळू नये. मग मऊ शिसपेन्सिलीने दगडावर चौकटी आखायच्या.

घासायला काय घ्यावे? पहिला विचार हिऱ्याच्या प्लेटचा येतो. पोलादी पट्टीवर निकेलच्या मुलाम्यात हिऱ्याचे कण रोवलेले असतात. मऊ दगडांना ही प्लेट उत्तम. अतिकठीण दगड मात्र तिचे दात उपटतो. अर्धपारदर्शक आर्कान्सा किंवा सिरॅमिकवर नवी कोरी प्लेट एका बैठकीत बोथट झाली, अशी तक्रार हौशी लोकांत नेहमीची आहे. अशा दगडाला सुटी पूड बरी: सिलिकॉन कार्बाइड, बाजारातले नाव कार्बोरंडम. अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन कृत्रिम हिरा करायला निघाला आणि १८९१मध्ये त्याच्या हाती ही पूड लागली. काठिण्यात ती कुरुंदाच्या वर आणि हिऱ्याच्या खाली बसते.

बेंगळुरूत ही पूड अनोळखी नाही. एसजेपी रोडच्या हत्यारांच्या बाजारात फरशी पॉलिश करणारे, इंजिनाचे व्हॉल्व्ह बसवणारे मिस्त्री आणि काचेचे कारागीर नंबर सांगून ती मागतात. आपल्या महाराष्ट्राच्या बाजूला तर घासकामाच्या धंद्याचा इतिहासच आहे. उरणजवळच्या मोरा येथे १९४१मध्ये ग्राइंडवेलने भारतातला पहिला ग्राइंडिंग व्हीलचा कारखाना काढला. पुढे ग्राइंडवेल नॉर्टन झालेल्या या कंपनीचा एक कारखाना बेंगळुरूत ओल्ड मद्रास रोडच्या परिसरात आहे. तोच रस्ता इंदिरानगरच्या उत्तर कडेने जातो. मद्रासमध्ये १९५४ साली कार्बोरंडम युनिव्हर्सल उभी राहिली.

खाली पाया म्हणून १० किंवा १२ मिलिमीटर जाडीच्या काचेचा तुकडा घ्यायचा. काचवाल्याकडे तो कापून उरलेल्यांत मिळतो. वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून बनवायची पिल्किंग्टनची पद्धत १९५०च्या दशकात आल्यापासून साधी काचही बऱ्यापैकी सपाट येते. काच ओल्या फडक्यावर ठेवली की सरकत नाही. मधोमध चहाच्या अर्ध्या चमच्याएवढी ८० नंबरची पूड, तिच्यावर थोडे पाणी आणि त्यावर दगड.

पहिल्या मिनिटाला आवाज मोठा असतो, वाळू चिरडल्यासारखा करकर. दाणे दगड आणि काच यांच्यामध्ये लोळतात आणि दोन्हींना बारीक टवके पाडतात. हळूहळू दाणे फुटतात, आवाज खाली येतो, करड्या रंगाचा दाट लगदा होतो आणि दगड हाताला ओढ देऊ लागतो. तेव्हा लगदा पुसून नवी पूड घ्यायची. एका जागी घासू नये. ज्या जागी जास्त घासाल तिथे काच खोल जाते आणि खोल काचेवर दगड फुगीर होतो. म्हणून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा हात फिरवायचा, काचेचा प्रत्येक कोपरा वापरायचा आणि दर थोड्या वेळाने दगड उलट टोकाने धरायचा. थोडे घासून दगड धुतला की पेन्सिलीच्या रेषा उंच भागांवरून गेलेल्या दिसतात आणि खळग्यात तशाच उभ्या असतात. शेवटची रेष पुसली गेली की पुन्हा चौकटी आखायच्या. नव्या रेषा सगळीकडून एकदम गेल्या तर सपाटी आली.

वेळ किती लागतो याचा हिशेब सोपा आहे. २०० बाय ७५ मिलिमीटरच्या दगडावरून मिलिमीटरचा दहावा भाग काढायचा म्हणजे दीड घन सेंटिमीटर, साधारण चार ग्रॅम दगड. मऊ दगडाचे चार ग्रॅम काही मिनिटांत निघतात. नोव्हाक्युलाइटचे किंवा अॅल्युमिनाचे काढताना तास उलटतात. इथे घाई करून जोर लावला की दगड टोकांना झिजतो आणि काम वाढते.

८० नंतर १२०, २२०, ४००, ६०० आणि हवे तर १०००. प्रत्येक नंबरनंतर दगड, काच, हात, नखे सगळे धुवायचे. मागच्या नंबरचा एक दाणा पुढच्या पायरीत आला तर झिलईवर लांब ओरखडा उमटतो आणि दोन पायऱ्या मागे जावे लागते. शेवटी दगडाच्या कडा आणि कोपरे जरा मारायचे, कारण तीक्ष्ण कड वस्तऱ्याच्या धारेला खोक पाडते.

तीन दगडांचा न्याय

काच सपाट आहे कशावरून? सरळपट्टी सरळ आहे कशावरून? सगळ्या शहाणपणाची मेख इथे आहे. दोन दगड एकमेकांवर घासले तर ते एकमेकांत चपखल बसतात, पण एक खोल आणि दुसरा तितकाच फुगीर होऊनही चपखल बसू शकतात. तिसरा दगड आणला की लबाडी चालत नाही. पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, तिसरा पहिल्यावर आणि पुन्हा पहिल्यापासून, असे दिशा आणि वर-खालची जागा बदलत घासत राहिले तर तिघांनाही एकमेकांशी जुळणारा आकार एकच उरतो: सपाट. कुठलेही मोजमापाचे साधन न वापरता सपाटी जन्माला येते.

इंग्लंडमध्ये हेन्री मॉड्स्लेच्या कारखान्यात ही रीत वापरात होती. त्याच्या हाताखाली शिकलेला जोसेफ व्हिटवर्थ याने १८४०मध्ये ग्लासगोच्या सभेत तिच्यावर निबंध वाचला. लोखंडाच्या प्लेटी एमरीने घासण्याऐवजी उंच ठिपके हाताने खरवडून काढावेत, असा त्याचा आग्रह होता, कारण सुटी पूड कुठे किती कापेल याचा भरवसा नसतो. दगडाला खरवडता येत नाही, म्हणून निसण्यासाठी पूडच. पण व्हिटवर्थचा इशारा खरा आहे आणि म्हणूनच तपासणी पदोपदी हवी.

या विद्येची मुळे इंदिरानगरच्या आजूबाजूला खोल गेलेली आहेत. या वस्तीचा जुना पत्ता अजूनही ‘एचएएल सेकंड स्टेज’ असाच लिहितात. ज्या कारखान्यावरून हे नाव आले तो विमानांचा कारखाना सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने डिसेंबर १९४०मध्ये काढला. विमानाच्या भागांना सपाटीशिवाय गत्यंतर नसते. त्यानंतर १९५३मध्ये एचएमटी आली आणि १९६२मध्ये यंत्रनिर्मितीच्या संशोधनासाठी सीएमटीआय. हंड्रेड फीट रोडने दक्षिणेला गेले की कोरमंगलात भारतीय खगोलभौतिकी संस्था लागते. कावलूरच्या वेणू बाप्पू दुर्बिणीचा २.३४ मीटर व्यासाचा आरसा या संस्थेच्या बेंगळुरूतील प्रयोगशाळेत घासून झिलईदार करण्यात आला. ती दुर्बीण १९८६मध्ये कार्यान्वित झाली. पुण्यात आयुका या खगोलसंस्थेच्या दुर्बीण-निर्मितीच्या कार्यशाळांत ज्यांनी छोटा आरसा घासला असेल त्यांना हे काम ओळखीचे वाटेल: पूड तीच, नंबरांचा जिना तोच. तिथे मुद्दाम खोलगट करायचे असते आणि इथे खोलगट होऊ द्यायचे नसते, एवढाच फरक.

आणखी एक देणगी दक्षिणेची आहे. कारखान्यांतल्या मोजमापाच्या सरफेस प्लेटी कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडूच्या ‘काळ्या ग्रॅनाइट’पासून बनतात आणि जगभर जातात. भूशास्त्रज्ञ त्यातल्या बऱ्याच दगडाला डोलेराइट म्हणतात, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचाच भाऊबंद, फक्त जमिनीखाली सावकाश थंड झालेला. त्याच्या सपाटीसाठी भारतीय मानकच आहे, आयएस ७३२७. स्वयंपाकाच्या ओट्याचा उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा मात्र या पंगतीत बसत नाही. तो चकाकतो, पण चकाकी म्हणजे सपाटी नव्हे. त्यावर वॉटर पेपर ठेवून घासायचे असेल तर आधी सरळपट्टी लावून बघा.

रोजची निगा

एकदा नीट सपाट केलेला कठीण दगड घरच्या एक-दोन वस्तऱ्यांना वर्षानुवर्षे पुरतो. पुन्हा पुन्हा सपाट करण्याची गरज पडत नाही. उलट दर आठवड्याला हिरा फिरवणारे दगडही खातात आणि प्लेटही. पेन्सिलीची परीक्षा अधूनमधून पुरे.

अंगाची निगा मात्र रोजची. धार लावताना दगडावर पाणी, साबणाचे पाणी किंवा पातळ तेल हवे, म्हणजे कीस तरंगून बाहेर पडतो. एकदा तेल लावलेला दगड पाण्याला नीट मानत नाही, म्हणून सुरुवातीलाच काय ते ठरवा. काम झाले की फडक्याने पुसून साबण आणि जुन्या दातघासणीने धुवायचा. कीस हट्टाने बसला असेल तर सिरॅमिकला भांड्यांची पावडर चालते, तेलाच्या दगडाला रॉकेलचा बोळा. बेंगळुरूत नळाला कावेरीचे पाणी असले तरी उन्हाळ्यात टँकर आणि बोअरवेल सुटत नाहीत. त्या जड पाण्याचा पांढरा थर दगडावर वाळून बसतो, म्हणून शेवटचा हात पिण्याच्या पाण्याचा असावा. दगड पडला तर तुटतो. काठिण्य आणि चिवटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बिनपाण्याची नको

एक गोष्ट मात्र गमतीवारी नेण्याजोगी नाही. नोव्हाक्युलाइट, अकीक, पाटीचा दगड या सगळ्यांत सिलिका असते आणि तिची कोरडी धूळ फुप्फुसात गेली तर परत येत नाही. तिथे गाठी धरतात. त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा होत नाही. गुजरातमध्ये खंभातला अकीक घासणाऱ्या कारागिरांत हा रोग अनेक वर्षे नोंदला गेला आहे. ते दिवसभर, पोटासाठी, यंत्राच्या चाकावर घासतात. हौशी माणूस कधीतरी, हाताने. धोका सारखा नाही, पण कारण तेच आहे. म्हणून दगड घासताना तो कायम ओला असावा. लगदा सुकायच्या आत पुसावा, फडके ओले असतानाच धुवावे, पाणी बादलीत निवळू द्यावे आणि तळाचा गाळ पिशवीत बांधून कचऱ्यात टाकावा. मोरीत ओतला तर पाइपात सिमेंटसारखा बसतो. ग्राइंडरवर कोरडा निसणा धरणे तर निव्वळ मूर्खपणा.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचा वस्तरा आणि त्याशेजारी मधे दबलेला दगड सापडण्याची शक्यता बऱ्याच मराठी घरांत आहे. दगड टाकून देऊ नका आणि तो तसाच वापरूही नका. साबणाने धुवा, पेन्सिलीने चौकटी आखा, सरळपट्टी लावा. मऊ असेल तर हिऱ्याची प्लेट, कठीण असेल तर काच आणि कार्बोरंडम. एक रविवार त्याला द्या. मग वस्तऱ्याकडे वळा.